पाचशे चौऱ्याण्णव वेढे

आई, तुला जाऊन बारा वर्षं झाली. या बारा वर्षांत तुझी आठवण आली, रडू आलं, कधी हसूही आलं, पण राग कधी आला नव्हता. आता महिनाभर तो जात नाहीये. सकाळी डबा भरताना येतो, कंपनीच्या गेटवर गाडी लावताना येतो, आणि काल तर मी काही कारण नसताना स्टोअरमधल्या माणसावर खेकसले. तेव्हा ठरवलं की जिचा राग आहे तिलाच सांगावं, मग ती ऐको न ऐको.

तू होतीस तेव्हा मी अंबडच्या या कारखान्यात साधी इंजिनिअर होते. आता टेस्टिंगचा विभाग माझ्याकडे आहे. दुरुस्तीला येणारा प्रत्येक ट्रान्सफॉर्मर उघडण्याआधी आणि बंद केल्यावर माझ्या सहीशिवाय हलत नाही. गेल्या महिन्यात विंचूरकडच्या एका कांद्याच्या शेडवरून शंभर केव्हीएचा एक जुनाट ट्रान्सफॉर्मर आला. तक्रार अशी की फार गुणगुणतो आणि उन्हाळ्यात अंगाला हात लावू देत नाही. टाकीवर पत्र्याची एक छोटी पट्टी रिव्हेट मारून बसवलेली होती, पूर्वी कुठे दुरुस्ती झाली ते सांगणारी. रंगाचे तीनचार थर खरवडल्यावर नाव दिसलं. तू चौदा वर्षं जिथे काम केलंस त्याच वर्कशॉपचं. मला बरं वाटलं, खरं सांगते. म्हटलं, आईच्या हातचं असेल. तेल काढलं, आतला भाग क्रेनने वर घेतला, आणि कॉइलवरच्या कागदाची पहिली घडी सोडवली तर आत पेन्सिलने लिहिलेला आकडा होता, ५९४. त्यातला नऊ उलटा होता, आरशात दिसावा तसा. तू आयुष्यभर नऊ तसाच काढलास. माझ्या पहिलीच्या पाटीवर तूच तो तसा शिकवला होतास आणि बाईंनी मला उभं केलं होतं. मी तिथे तेलाने भिजलेला कागद हातात धरून उभी राहिले आणि आधी तुझा नऊ बघून हसले. मग आकडा वाचला.

पाचशे चौऱ्याण्णव. मला तो आकडा सातशे सव्वीस दिसायला हवा होता, कारण शंभरच्या ट्रान्सफॉर्मरचे आकडे तूच मला सांगितले होतेस, मी नववीत असताना. सिडकोतल्या आपल्या खोलीतला ओटा, तू कणीक मळते आहेस, मी विज्ञानाचं पुस्तक घेऊन खाली बसले आहे आणि मला ट्रान्सफॉर्मर कळत नाहीये. मी विचारते, दोन तारा एकमेकींना शिवत नाहीत, मग वीज इकडून तिकडे जाते कशी. तू हात धूत नाहीस, कणकेच्या हातानेच लाटणं उचलतेस आणि शिवणाच्या डब्यातला दोरा मला त्याच्यावर गुंडाळायला लावतेस. एका टोकाला पांढरा, दुसऱ्या टोकाला काळा. "हे लाटणं म्हणजे लोखंड," तू म्हणतेस. "पांढऱ्यातून वीज फिरली की लोखंडात चुंबक उठतं, बसतं, उठतं, बसतं. सेकंदाला पन्नासदा. काळ्याला वीज शिवत नाय, पण लोखंड तेच हे ना. त्याच्या भोवती जो जो वेढा असेल त्याला त्या उठण्या-बसण्यातून सारखा वाटा मिळतो. पांढऱ्यालाही तेवढाच, काळ्यालाही तेवढाच." मी विचारते, केवढा वाटा. "आपल्या शंभरच्या ट्रान्सफॉर्मरला एका वेढ्याला पावणेचार व्होल्ट, वर थोडा चुरा. लोखंडाचे पाय तीन, एकेका पायावर बारीक तारेच्या कॉइली चार, एकेकीत सातशे सव्वीस वेढे. चार मिळून अकरा हजार व्होल्ट झेलतात. जाड पट्टीचे वेढे सहासष्टच. आता सहासष्टला पावणेचारने गुण." मी पुस्तकाच्या मागच्या पानावर गुणते. अडीचशेच्या जवळ येतं. "झालं," तू म्हणतेस, "अकरा हजाराचे अडीचशे झाले. जादू नाय त्यात काही. मोजणं हे."

सातवी शिकलेल्या बाईने हे मला पाच मिनिटांत सांगितलं होतं. पुढे डिप्लोमाला सरांनी तेच तीन तास घेऊन सांगितलं. तुला मोजण्याचा केवढा मान होता. मशीनला आकडे मोजणारं यंत्र होतं, पण ते घसरतं म्हणून तू त्याच्याबरोबर मनातही मोजायचीस. एकदा शाळा सुटल्यावर मी थेट वर्कशॉपमध्ये आले आणि दारातूनच काहीतरी सांगायला लागले. तू मान वर केली नाहीस. कॉइल पूर्ण झाली, कागदावर आकडा लिहिलास, तार बांधलीस, आणि मग सगळ्या बायांसमोर मला म्हणालीस, "मोजणाऱ्या माणसाशी बोलायचं नाय. आग लागली तरी नाय." मी रस्ताभर रुसले होते. पण घरी येईपर्यंत मला तुझा अभिमानही वाटायला लागला होता.

अशी तू. आणि अशा तुझ्या हातच्या, तीन पायांवरच्या बाराच्या बारा कॉइलींवर ५९४ लिहिलेलं. मी एक कॉइल कापायला सांगितली नाही, स्वतः मशीनवर लावून उलटी उलगडली. यंत्राने मोजले, मनातही मोजले. पाचशे चौऱ्याण्णव, एक कमी नाही, एक जास्त नाही. मग जाड पट्टीचे मोजले. सहासष्टऐवजी चोपन्न. आई, मी तिथेच स्टुलावर बसले, कारण मला कळलं की ही चूक नाही. चूक बारा वेळा एकाच आकड्यावर येत नाही. हे कोणीतरी ठरवून दोन्हीकडचे वेढे एकाच मापात कमी केले होते.

आणि मग मला तो उन्हाळा आठवला. मी डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला होते. सायखेड्याकडच्या एका गावात नदीवरून पाणी उपसणारी शेतकऱ्यांची संस्था होती, तिचा ट्रान्सफॉर्मर तुमच्या वर्कशॉपमधून दुरुस्त होऊन गेला होता. चार महिने झाले, सगळे पंप एकदम चालू होते, भर दुपारी तो गर्जायला लागला. संस्थेचा वायरमन बंद करायला गेला आणि वरचं झाकण उडून उकळतं तेल त्याच्या अंगावर आलं. चेहरा, मान, उजवा हात. जगला, पण एक डोळा गेला. संस्थेची माणसं वर्कशॉपवर आली. चौकशीला एक इंजिनिअर बसवला. आणि आठवड्याने तू संध्याकाळी घरी आलीस, ओट्यावर एक कोरा कागद ठेवलास आणि मला म्हणालीस, "तुझं अक्षर चांगलं हे. लिही."

मी लिहिलं. तू सांगत गेलीस. मी खाली सही करणार बाई वाइंडिंगचं काम करते, सदर ट्रान्सफॉर्मरच्या कॉइली मी भरल्या, वेढे मोजताना माझ्याकडून चूक झाली, त्यास मालक जबाबदार नाहीत. एका ठिकाणी तू थांबलीस आणि म्हणालीस, "नजरचुकीने, असं घाल. शेठ म्हणाले नजरचुकीने घाला." मी घातलं, आणि तू सांगताना तो शब्द 'नदरचुकीने' म्हणाली होतीस तो मी नीट करून लिहिला. तू सही केलीस. त्यानंतर शेठने तुला कामावरून काढलं नाही, हे उपकार म्हणून तू दहा जणांना सांगितलंस. त्याने तुला मशीनवरून उठवलं आणि मागच्या पत्र्याखाली जुन्या टाक्या धुवायला बसवलं. अख्ख्या वर्कशॉपमध्ये जिच्याइतकं कोणाला मोजता येत नव्हतं ती बाई तीन वर्षं तेलाचा गाळ खरवडत होती. तुझ्या साडीला, केसांना, तू केलेल्या भाकरीलासुद्धा त्या तेलाचा वास यायचा. माझा डिप्लोमा झाला, शेठच्या शब्दाने मला एका कंपनीत अप्रेंटिस म्हणून घेतलं, ती मुदत पूर्ण झाली, आणि दुसऱ्या दिवशी तू काम सोडलंस. मला वाटलं, थकलीस.

आता मला सगळं कळतं आणि म्हणून माझा संताप होतो. ऐक. वेढे दोन्हीकडचे सारख्या मापात कमी केले तर तांबं वाचतं. आणि विजेचा दाब बदलण्याचं गणित तरीही बरोबर येतं, कारण ते फक्त इकडच्या आणि तिकडच्या वेढ्यांच्या प्रमाणावर चालतं. सहासष्टला सातशे सव्वीस म्हणजे एकास अकरा. चोपन्नला पाचशे चौऱ्याण्णव, तेही एकास अकरा. अशा कॉइली चार, म्हणून दोन्ही वेळा एकास चव्वेचाळीस. अकरा हजार घातले की अडीचशेच बाहेर येणार. टेस्टमध्ये पास. पण एका वेढ्यावर पावणेचारऐवजी साडेचारच्या वर व्होल्ट येतात, आणि तेवढे निभवायला लोखंडात जवळजवळ सव्वापट चुंबक उठावं लागतं. लोखंडाचीही एक हद्द असते. त्या पलीकडे ते गुणगुणतं, तापतं, लाइनमधून नको तितका करंट ओढतं, आणि एक दिवस तेल उकळवतं. विंचूरचा टिकला तो केवळ नशिबाने, लाइनच्या टोकाला होता, तिथे दाब कायम कमी. नदीवरचा टिकला नाही. शेठला हे माहीत होतं. तो ट्रान्सफॉर्मर रिकामा चालवून करंट बघितला असता तर पाच मिनिटांत कळलं असतं, म्हणून त्याने ती टेस्ट कधी केली नसणार, किंवा केली असेल आणि लिहिली नसेल.

आणि तुझा तो कागद. तुझी मोजणी खरोखर चुकली असती तर कुठल्या तरी एका कॉइलीत चुकली असती, प्रमाण बिघडलं असतं, आणि ट्रान्सफॉर्मर वर्कशॉपच्या टेस्टमध्येच अडकला असता. टेस्टचा कागद तर शेठने स्वतः चौकशीत ठेवला होता, सगळं बरोबर असलेला, हे तूच तेव्हा घरी बोलली होतीस. म्हणजे टेबलावर दोन कागद होते, एकात म्हटलं होतं वेढे चुकले आणि दुसऱ्यात म्हटलं होतं प्रमाण अचूक आहे, आणि त्या चौकशीच्या इंजिनिअरने दोन्ही कागद एका फायलीला लावले. त्याला कळलं नाही असं मी मानत नाही. एका बाईचा कागद मिळाला, विषय मिटला, सगळे चहा पिऊन घरी गेले.

मी शेठला फोन केला. तो धंदा बंद करून मुलाकडे राहतो. ओळख सांगितली, तुझं नाव सांगितलं.

"कोण म्हणालात?" तो म्हणाला.

"वाइंडिंगला होत्या तुमच्याकडे. चौदा वर्षं."

"बाया लय होत्या हो. आता कुठं लक्षात राहतंय."

मी म्हटलं, त्यांनी तुम्हाला एक कागद लिहून दिला होता, नदीवरच्या ट्रान्सफॉर्मरबद्दल. तो म्हणाला, "जुन्या गोष्टी झाल्या त्या, ताई. तुमचं बरं चाललंय ना? तुम्हाला मीच चिकटवलं होतं ना तिकडं?"

तू लक्षात नव्हतीस त्याच्या. उपकार लक्षात होता. मी फोन ठेवला. तेव्हा कळलं तू तो कागद कशाच्या बदल्यात दिला होतास. माझ्या नोकरीच्या बदल्यात. मला न विचारता. आई, मी रिक्षा चालवली असती, दुकानात उभी राहिले असते, तुझ्या शेजारी बसून तार भरली असती. तुला कोणी हक्क दिला होता माझ्यासाठी स्वतःला खोटं ठरवण्याचा? आणि ते सुद्धा माझ्याच अक्षरात?

त्याच रविवारी मी सायखेड्याला गेले आणि विचारत विचारत त्या गावात त्या वायरमनचं घर काढलं. म्हटलं, निदान त्याला तरी खरं कळायला हवं. सत्तरीचा माणूस, ओसरीवर द्राक्षाच्या कागदी पिशव्या दुमडत बसला होता. उजवी बोटं नीट मिटत नाहीत, तरी जमवलंय त्याने. मी पाठ करून आले होते तसं सगळं सांगितलं, कॉइल, आकडे, तू दिलेला कागद. त्याने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाला, "माहीत हाय मला. तुमच्या आईच आल्या व्हत्या ना."

"कधी?"

"दवाखान्यात. डोळ्यावर पट्टी व्हती, नुसता आवाज ऐकला. म्हणाल्या, भाऊ, मी तार मोजणारी बाई. आता मी चुकले असा कागद देणार हाय, तुमच्या कानावर येईल. पण मी मोजायला चुकले नाय. मला पाचशे चौऱ्याण्णव सांगितले, मी पाचशे चौऱ्याण्णव भरले. ते कमी हायेत हे मला कळत व्हतं. मी शेठला विचारलं, तर म्हणाले, सांगितलं तेवढं भर. आन् मी भरले. मोजणी माझी खरी, पण गुन्हाबी माझा."

मी विचारलं, मग तुम्ही कोणाला बोलला का नाहीत.

"त्याच म्हणाल्या, पोरगी कालिजात हाय, तिचं होऊ द्या, मग पाहिजे त्याला सांगा. मग माझंच मन झालं नाय."

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला ना. पहिल्या बारीला जा म्हणलो इथून. पुन्हा आल्या. घरी बी आल्या दोन-तीनदा, लोणचं घेऊन." त्याने एक पिशवी दुमडून बाजूला ठेवली. "काय करता, मॅडम. दुसरं कोणी आलंच नाय ना."

परत येताना मी गाडी नदीच्या पुलावर थांबवली आणि खूप वेळ उभी राहिले. तुझ्याबद्दल वाईट वाटायला हवं होतं, पण माझा राग दुप्पट झाला होता. एका अनोळखी माणसाला तू जाऊन सगळं सांगितलंस, त्याने हाकललं तरी पुन्हा गेलीस, आणि माझ्याबरोबर एका खोलीत, एका ताटात जेवताना, पुढची इतकी वर्षं तुला एक वाक्य बोलता आलं नाही. मी ट्रान्सफॉर्मरचीच नोकरी करत होते. तुला माहीत होतं की ज्याला हे अर्ध्या वाक्यात कळेल असा माणूस तुझ्या घरात आहे. शेवटच्या आजारपणात आपण किती बोललो. नळाच्या पाण्याबद्दल बोललो, शेजारणीच्या सुनेबद्दल बोललो. हे नाही.

मी माझ्या परीने जे करायचं ते केलं. विंचूरच्या ट्रान्सफॉर्मरच्या अहवालात लिहिलं की मूळ दुरुस्तीत दोन्ही बाजूंचे वेढे हेतुपुरस्सर कमी केले होते आणि ते भरणाऱ्याने दिलेल्या आकड्याप्रमाणे अचूक भरले होते. मॅनेजर म्हणाले, मॅडम, हेतुपुरस्सर काढा, आणि ते शेवटचं वाक्य गिऱ्हाइकाला कशाला. मी काढलं नाही. सही करून पाठवलं. त्याने काही होणार नाही, शेड मालकाने तो कागद वाचलाही नसेल. पण तुझ्याबद्दल खरं लिहिलेला एक कागद आता कुठल्या तरी फायलीत आहे.

हे पत्र मात्र मी कुठे ठेवणार नाही आणि कोणाला वाचायला देणार नाही, कारण एवढं सगळं तुझ्यावर ओतून झाल्यावर एक गोष्ट राहते आणि ती माझी आहे. तू मला का सांगितलं नाहीस हे मी महिनाभर विचारते आहे, आणि उत्तर मला पुलावरच कळलं होतं. मी तो कागद लिहिला तेव्हा मान वर करून तुला विचारलं नाही की आई, हे खरं आहे का. ज्या वर्षी तो लिहिला त्याच वर्षी ट्रान्सफॉर्मरच्या पेपरात वर्गात सगळ्यात जास्त मार्क मला होते. टेस्ट पास आणि मोजणी चूक, हे दोन्ही एकदम असू शकत नाही हे मला तेव्हाच दिसायला हवं होतं. मला दिसलं नाही, कारण मी बघितलंच नाही. मला खरंच वाटलं होतं की तू चुकलीस. आणि मैत्रिणींनी आई काय करते असं विचारलं की त्यानंतर मी घरकाम सांगत असे.